मदत हवी आहे: पहिली .२२ बोल्ट अॅक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट मागे-पुढे करायची) रायफल घ्यायची आहे. चालवून पाहता येत नसेल तर नळी कशी पारखायची?

नमस्कार मंडळी,

गेली अडीच वर्षं बालेवाडीला ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं पडून, मारते आहे. रायफल क्लबची, चौघांत एक. दर रविवारी आपली पाळी आली की आधी गालाची फळी वर घ्यायची, मागची प्लेट पुढे आणायची, साइटचे क्लिक मोजत आपल्या आकड्यावर यायचं. त्यात वीस मिनिटं जातात आणि पुढच्या माणसाची घाई सुरू होते. ६० गोळ्यांचा माझा स्कोअर दशांशात (दहाच्या आतही १०.१, १०.२ असं मोजून) ५९६ ते ६०४ च्या आत फिरतो आहे, सहा महिने झाले तिथेच अडकलाय. कोच म्हणतात, आता स्वतःची रायफल घे. मे महिन्यात लायसन्स हातात आलं. रायफलीसाठी दीड लाख बाजूला ठेवलेत, अगदी ताणलं तर आणखी दहा-पंधरा हजार.

आधी सांगून ठेवते, परदेशी चर्चा भरपूर वाचून झाल्या आहेत. तिकडे ‘स्वस्त आणि अचूक बोल्ट अॅक्शन’ म्हटलं की रगर अमेरिकन, सॅव्हेज अॅक्सिस, टिक्का, .२२ मध्ये सीझेड ४५७ अशी नावं येतात आणि माणूस संध्याकाळी दुकानातून रायफल घेऊन घरी जातो. आपल्याकडे साध्या लायसन्सवर तशी आयात करता येत नाही, ती वाट नामांकित नेमबाजांसाठी आहे. शिवाय त्यातल्या बऱ्याच रायफली शिकारीच्या आहेत आणि शिकार आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे. ईशापूरच्या कारखान्याची .३१५ रायफल माझ्या कामाची नाही, मला कागदावरच मारायचं आहे. म्हणजे उरली जुनी परदेशी .२२, एका लायसन्सवरून दुसऱ्या लायसन्सवर येणारी. अशा दोन समोर आल्या आहेत.

पहिली ब्रनो मॉडेल २, चेक बनावटीची. पाच गोळ्यांचं मॅगझिन, मागे २५ ते २०० मीटरच्या खुणा असलेली पानाची साइट. क्लबमधल्याच एका दादांची. ती मी त्यांच्यासमोर रेंजवर चालवली. वाळूच्या पिशवीवर टेकवून दहा-दहा गोळ्यांची पाच कार्डं एका काडतुसाची, पाच दुसऱ्याची. ग्रुप, म्हणजे एका कार्डावरच्या सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं ते असं आलं. पहिल्या काडतुसाने २१, २६, १९, २४, ३३ मि.मी. दुसऱ्याने १८, २०, १७, २२, १९. तीच रायफल, तीच सकाळ, वारा जवळजवळ नव्हता.

हे आकडे का महत्त्वाचे, ते नवीन लोकांसाठी सांगते. ५० मीटरच्या कार्डावर दहाचं वर्तुळ १०.४ मि.मी. व्यासाचं असतं आणि आपली गोळी ५.६ मि.मी.ची. रेषेला नुसती शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य १६ मि.मी.च्या वर्तुळात राहिला की काम झालं. रायफल स्वतःच १८-२० चा ग्रुप देत असेल, तर मी कितीही स्थिर पडले तरी काही नऊ तिच्या खात्यातले असणार. ब्रनोचा ट्रिगर जड आहे, दस्ता शिकारीच्या घडणीचा, डोळा साइटच्या रेषेत आणायला मान ताणावी लागते. पण नळी प्रामाणिक आहे असं माझं मत झालं. दादा एक लाख दहा म्हणतात.

दुसरी अॅन्शुट्झ १४०७. मॅच ५४ अॅक्शन (बोल्टची यंत्रणा), एकेरी गोळीची, खाली रेल असलेला दस्ता, डायॉप्टर साइट (बारीक भोकातून पाहायची). सातारा रस्त्यावरच्या एका काकांची होती. ते गेले, आणि रायफल दोन वर्षांपासून एका परवानाधारक दुकानात सेफ कस्टडीत आहे. त्यांच्या पत्नीला, काकूंना, ती ‘मारणाऱ्या माणसालाच’ द्यायची आहे. एक लाख साठ म्हणाल्या. घासाघीस करावीशी मला वाटत नाही.

अडचण एवढीच की ठेवीतली रायफल रेंजवर नेता येत नाही. दुकानात काउंटरवर हातात घ्यायची, बोल्ट काढायचा, पाहायची, संपलं. आणि न चालवता घ्यायची मला खरोखर भीती वाटते. गेल्या वर्षी एका दुकानात तिसऱ्याच एका रायफलीसाठी मी पैसे द्यायच्या बेतात होते. दुकानदाराने एक कार्ड दाखवलं होतं, तीन गोळ्या एकाच भोकात. कोचना सोबत नेलं म्हणून वाचले. त्यांनी नळीचं तोंड खिडकीच्या उजेडात धरलं तर कडेला, घड्याळाच्या चारच्या जागी, नखाला लागेल असा टवका होता. गोळी बाहेर पडताना त्या बाजूने वायू आधी निसटणार आणि तिला ढकलणार. तीन गोळ्यांचं कार्ड कुठलीही रायफल कधी ना कधी देते. ते कार्ड कधीचं होतं, कोणी मारलं होतं, काहीच सांगता येत नव्हतं. त्या दिवसापासून दहाच्या खाली गोळ्या असलेलं कार्ड मी पुरावा धरत नाही.

तर प्रश्न हा. चालवून पाहिलेली, १८-२० देणारी ब्रनो घ्यावी, की न चालवलेली १४०७? आणि १४०७ साठी त्या अर्ध्या तासात काउंटरवर नेमकं काय काय पाहावं?

प्रतिसाद १ (जुना प्रोनवाला)

ताई, तुम्ही ग्रुप दहाचे मारलेत आणि मोजून लिहिलेत, त्यामुळे उत्तर द्यायला हुरूप आला.

दोन काडतुसांमधला तो फरक लक्षात ठेवा. .२२ ची नळी काडतूस निवडते, आपण नाही. गोळी ४० ग्रेनची, वेग आवाजाच्या थोडा खालचा ठेवलेला, कारण आवाजाचा वेग ओलांडून वाटेत परत खाली येणारी गोळी डळमळते. एवढ्या नाजूक मामल्यात काडतुसांच्या एका लॉटमधून (एका वेळी बनलेल्या खेपेतून) दुसऱ्या लॉटमध्ये ग्रुप बदलतो. तेव्हा ब्रनोचे १८-२० हे त्या काडतुसाबरोबरचे आहेत, तिसरं काडतूस मिळालं तर आणखी खाली येऊ शकतील. तरीही माझा कौल १४०७ ला. तुम्ही प्रोन मारता. दस्ता, ट्रिगर आणि साइट त्याच कामासाठी घडवलेली रायफल हाती आली तर मान ताणायला नको. ब्रनोला पुढे डायॉप्टर, दस्ता, ट्रिगरचं काम जोडत बसलात तर वरचे पन्नास हजार तिथेच जातील.

आता काउंटरवरचं. बोल्ट काढा, नळीत मागून उजेड टाका. चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) लगेच पुढे, खालच्या बाजूला, सहाच्या जागी बघा. .२२ च्या कडेतल्या मसाल्यात काचेची पूड असते, तिचा कचरा तिथे घासून घासून खरबरीत पट्टा पाडतो. हलका असेल तर चालेल, खड्डे असतील तर नको.

मग चेंबरची मागची कड. कोणी रिकामी रायफल वर्षानुवर्षे टकटक मारली असेल तर फायरिंग पिन कडेवर आपटून खाच पडते आणि धातू आत फुगतो. काडतूस आत जाताना अडतं. लहान असेल तर परवानाधारक कारागीर एका छोट्या हत्याराने तो दाबून सरळ करतो, घाबरू नका.

नळीच्या तोंडाशी कापसाचा बोळा घेऊन आतून बाहेर हळूच फिरवा. कुठे धागा अडकला तर टवका. .२२ ची नळी गोळ्यांनी फारशी मरत नाही, पुढून घातलेल्या साफसफाईच्या दांड्याने मरते. तोंड तपासल्याशिवाय रायफल घेऊ नका.

शेवटी घट्ट बसणारं कापडाचं पॅच दांड्यावर लावून मागून पुढे ढकला, एकाच वेगाने. हात सांगतो. मधेच सैल पडलं आणि पुन्हा घट्ट झालं तर नळी फुगलेली किंवा झिजलेली. सगळीकडे सारखं, तोंडाशी किंचित घट्ट, हे उत्तम.

दुकानदार परवानगी देत असेल तर दोन स्क्रू सोडून दस्ता उतरवा. पुण्यातला पावसाळा आणि लाकूड, गंज तिथेच लपतो. परत बसवताना टॉर्क पाना वापरा, साधारण ५ न्यूटन-मीटर, दोन्ही सारखे.

आणि वय बघायचं असेल तर नळीवर जर्मनीतल्या उल्मच्या प्रूफ हाउसची (शस्त्रं तपासून शिक्का मारणाऱ्या संस्थेची) हरणाच्या शिंगाची खूण शोधा. शेजारी दोन अक्षरं असतात. ए म्हणजे ०, बी म्हणजे १, असं मोजत जायचं, फक्त जे वगळायचा, के म्हणजे ९. ‘एचसी’ असेल तर १९७२.

प्रतिसाद २

कागदपत्रांचं विसरू नका. खाजगी मालकाकडून शस्त्र घेताना शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे विकणाऱ्याने लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर ४५ दिवस जावे लागतात. इथे मालक हयात नाहीत, त्यामुळे वारसाचे कागदही लागतील. आयुक्तालयात शस्त्र परवान्याच्या टेबलावर आधी विचारून घ्या, मगच काकूंना पैसे द्या. रक्कम आगाऊ देऊ नका, त्यांच्याबद्दल शंका म्हणून नाही, परवानगी अडली तर दोघींनाही मनस्ताप.

प्रतिसाद ३

दीड लाखातले सगळे रायफलीत घालू नका हो. काडतुसं, जॅकेट, स्लिंग, मॅट. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसला ४५१.४ करून ब्राँझ आणलं, त्यामागे बालेवाडीतली किती वर्षांची काडतुसं आहेत याचा विचार करा. रायफल एकदाच घ्याल, काडतूस दर रविवारी लागणार.

धागाकर्ती, अकरा दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुकानात जाऊन आले, कोच सोबत होते, काकूही आल्या.

जुना प्रोनवाला, तुम्ही सांगितलेल्या क्रमानेच पाहिलं. शिंगाची खूण सापडली, शेजारी ‘एचएफ’, म्हणजे १९७५. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी. तोंडाशी कापूस फिरवला, एकही धागा अडकला नाही. सहाच्या जागी हलका राखाडी पट्टा आहे, खड्डे नाहीत. चेंबरच्या कडेला पिनची खाच आहे, नखाला जेमतेम लागते. दस्ता उतरवला तर पुढच्या स्क्रूजवळ नळीवर रुपयाच्या नाण्याएवढा गंजाचा डाग, वरवरचा. पॅच ढकलताना हात सारखा गेला, तोंडाच्या चार बोटं आधीपासून थोडा जड झाला. कोचनी स्वतः पुन्हा करून पाहिलं आणि मान हलवली.

पण मला ज्याने खात्री दिली ते वेगळंच होतं. काकूंनी पिशवीतून एक लाल बाइंडिंगची वही काढली. रायफलीच्या मालकांची, काकांची. दर सरावाचं पान: तारीख, लेन, वारा कुठून, साइटचे क्लिक, काडतुसाचा लॉट नंबर आणि दहा गोळ्यांचा ग्रुप मि.मी.मध्ये, पेन्सिलने. शेवटच्या दोन वर्षांत एकाच लॉटची बावीस पानं आहेत. सगळ्यात वाईट ग्रुप १७, बहुतेक १२ ते १४. त्याआधीच्या एका लॉटपुढे ‘हिला आवडत नाही’ असं लिहिलंय आणि ग्रुप २३, २५. नळी काडतूस निवडते हे तुम्ही म्हणालात, ते काकांना माहीत होतं. आणि ही कार्डं कुणाला विकायला म्हणून मारलेली नव्हती. मला हवा होता तो पुरावा चालवून न पाहताही मिळाला.

ब्रनोच्या दादांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्यांना वाईट वाटलं नाही, उलट खाच दाबून देणाऱ्या कारागिराचा पत्ता त्यांनीच दिला. आयुक्तालयातून कागदांची यादी आणली आहे, काकूंचा अर्ज सोमवारी जाईल. ४५ दिवस धरले तरी पुढची स्पर्धा क्लबच्या रायफलीवरच होणार, ते ठीक आहे. वही काकूंनी घरी नेऊ दिली नाही, तिथेच बसून वाचू दिली. लॉटची पानं मी फोटोत घेतली आहेत, त्याच बनावटीचं काडतूस आता कुठल्या नावाने येतं ते शोधते आहे.

अजून एक मदत. पुढच्या साइटच्या रिंगा (नेम धरताना लक्ष्य ज्यात बसवायचं ती वर्तुळं) काकांनी होमिओपॅथीच्या बाटलीत ठेवल्या होत्या, १८ मि.मी. नळकांड्याच्या. त्यात ३.४ मि.मी.ची आहे, ३.८ ची आहे, पण ३.६ ची नाही, आणि क्लबच्या रायफलीवर मी तीच वापरते. कुणाकडे जादा पडून असेल तर व्यक्तिगत निरोप करा, रविवारी बालेवाडीला येऊन घेऊन जाईन.