वसंतसेना काही दुबळी नव्हती
वाचवणारा नायक आला की नायिकेला नुसतं घाबरायचं काम उरतं, हे मत मला नाही पटत. शूद्रकाचं 'मृच्छकटिक' हे संस्कृत नाटक घ्या. उज्जयिनीच्या अंधारात राजाचा मेहुणा शकार मागे लागलेला, गणिका वसंतसेना नायक चारुदत्ताच्या घरात शिरते आणि शिरता शिरता दिवा पदराने तीच विझवते. मग दागिने ठेव म्हणून देते. घर त्या लायकीचं नाही, असं तो म्हणतो, तर ही सुनावते की ठेव माणसाकडे ठेवतात, घराकडे नाही! (परत यायची सोय, दुसरं काय.) चारुदत्त बिचारा कफल्लक, जवळ सौजन्य तेवढं. पुढे शकार तिचा गळा दाबतो, ती मेली समजून खुनाचा आळ चारुदत्तावर घालतो; त्या आरोपावरून त्याला वधासाठी नेतात, तेव्हा त्याला सोडवायला ऐन वेळी पोचते तीच. एवढं होऊनही तो शकाराला माफ करतो, ते मात्र मला अजून पचलेलं नाही.