मेन राज्यात 2009 ला हार, 2012 ला जीत: समलिंगी विवाहाच्या प्रचारात नेमकं बदललं काय?

उंबरठा (प्रश्न)

अमेरिकेत 1998 पासून समलिंगी विवाहबंदी राज्यघटनेत घालायची का, असं लोकांना विचारलं की बंदीच जिंकायची. ॲरिझोनाने 2006 मध्ये ती एकदा फेटाळली, पण 2008 मध्ये तिथेही झालीच. मेनमध्ये तर विधिमंडळाने केलेला विवाहाचा कायदा मतदारांनी नोव्हेंबर 2009 मध्ये 53-47 ने रद्द केला. आणि तीनच वर्षांनी, 6 नोव्हेंबर 2012 ला, त्याच मेनमध्ये आकडे उलटे फिरले. त्याच दिवशी मेरीलँड आणि वॉशिंग्टन राज्यातही विवाहाची बाजू जिंकली, आणि मिनेसोटात बंदी फेटाळली गेली.

कारण म्हणून सगळीकडे एकच वाक्य वाचायला मिळतं: हक्कांची भाषा सोडली, प्रेमाची धरली. ऐकायला गोड आहे, पण दार वाजवल्यावर कार्यकर्ता बोलायचा काय? सह्या, मतपत्रिकेवरचा प्रश्न, जाहिराती यांत काय फरक पडला? आपल्याकडे सार्वमताची सोयच नाही. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विषय संसदेवर सोडला. त्यामुळे हा सगळा भाग अनोळखी आहे. माहीतगारांनी जरा सविस्तर लिहा.

पायपीट

त्या गोड वाक्यामागे पाहणी आहे. तुम्ही लग्न का केलंत, असं विचारलं की लोक म्हणायचे: प्रेम, आयुष्यभराची साथ, दिलेला शब्द. मग गे जोडप्यांना लग्न कशाला हवंय? तर उत्तर यायचं: हक्क, विमा, पेन्शन, नाहीतर सरळ 'काय माहीत'. हा समज प्रचारानेच पक्का केला होता. लग्नामुळे लागू होणाऱ्या केंद्रीय कायद्यांतल्या 1,138 तरतुदी सरकारी लेखापरीक्षकांनी 2004 मध्ये मोजल्या होत्या, आणि तोच आकडा पत्रकांवर छापला जायचा. वाचणाऱ्याला वाटायचं, यांना लग्न नकोय, सवलती हव्यात.

दारावरचं संभाषण साधारण दहा मिनिटांचं. पहिला प्रश्न: 0 ते 10 मध्ये तुम्ही कुठे? 0 म्हणजे ठाम विरोध, 10 म्हणजे ठाम पाठिंबा. माणूस 5 म्हणाला की लगेच समजावायला लागायचं नाही. 'पाचच का?' एवढं विचारून गप्प बसायचं. नव्या कार्यकर्त्याला हेच सगळ्यात जड जातं. त्यानंतर, ओळखीत, नात्यात कोणी गे आहे का? मग तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली, जोडीदाराने कधी मोठं आजारपण निभावून नेलं का? समोरचा स्वतःच्या लग्नाबद्दल बोलू लागला की अर्धं काम झालं, कारण 'मग तुमच्या भाच्याला हे मिळावं की नाही' हा प्रश्न बहुतेक वेळा तो स्वतःच स्वतःला विचारतो. उरलेल्या शंका, मुख्यतः चर्चची, शेवटी घ्यायच्या: कोणत्याही धर्मगुरूवर सक्ती नाही, तसं कायद्यातच लिहिलंय. निघताना पुन्हा 0 ते 10 विचारायचं आणि आकड्यासोबत कारण त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवायचं.

फसतं कुठे? दोन ठिकाणी. वंशभेदाशी तुलना केली किंवा आकडेवारी फेकली की दार मिटतं. आणि कार्यकर्ते 10 वाल्यांकडे चहा पीत रमतात, कारण तिथे बरं वाटतं. यादी 3 ते 7 वाल्यांचीच हवी.

एक सावधगिरी. अशा एका संभाषणाने मतं टिकाऊ बदलतात असं सांगणारा 2014 चा गाजलेला शोधनिबंध 'सायन्स' या नियतकालिकाने 2015 मध्ये मागे घेतला. त्यातली गफलत उघडकीला आणणाऱ्यांपैकी ब्रूकमन आणि काला या संशोधकांनी 2016 मध्ये मायामीतला स्वतःचा प्रयोग छापला. विषय ट्रान्सजेंडर लोकांबद्दलचा पूर्वग्रह होता, आणि परिणाम तीन महिने टिकलेला दिसला. लिहिताना दाखला द्यायचा तर याचा द्या.

मोहोर-शिक्का

पायपीट यांनी दार सांगितलं, मी कागद सांगतो. लोकांना संभाषणाचं फार कौतुक, पण कागदात चूक झाली तर दारापर्यंत पोचायचीच वेळ येत नाही.

मेनमध्ये 2009 चा प्रश्न विरोधकांनी आणला होता. तिथे विधिमंडळाने केलेल्या कायद्याविरुद्ध मुदतीत पुरेशा सह्या दिल्या की कायदा थांबतो आणि मतदानाला जातो. म्हणून मे 2009 मध्ये गव्हर्नर बाल्डाचींनी सही केलेला कायदा एक दिवसही अमलात आला नाही. वर प्रश्न असा, की नवा कायदा नाकारायचा आहे का? विवाहाच्या बाजूच्या माणसाने 'नाही' म्हणायचं. 2012 ला समर्थकांनी स्वतः सह्या गोळा केल्या आणि 'हो' आपल्याकडे घेतलं. ही अदलाबदल मला संदेशाइतकीच मोलाची वाटते.

लागणार होत्या 57,277 सह्या (आधीच्या गव्हर्नर निवडणुकीतल्या मतांच्या 10 टक्के). दिल्या 1,05,000 च्या वर. एवढ्या जास्त कशाला? कारण गळती. नाव वाचता येत नाही, एकाच माणसाची दोनदा सही, मतदारयादीत नावच नाही. शिवाय प्रत्येक सही त्या त्या गावच्या कार्यालयाकडून तपासून घ्यावी लागते. एका कागदावर चार गावांचे लोक आले की तो कागद चार कार्यालयं फिरणार, म्हणून गावागणिक वेगळा कागद ठेवणं शहाणपणाचं. सही आपल्या डोळ्यांदेखत झाली अशी शपथ गोळा करणाऱ्याने नोटरीपुढे घ्यायची. ती राहिली की पान बाद, वर वीस निर्दोष सह्या असल्या तरी.

मजकुरावरही ओढाताण झाली. समर्थकांच्या मसुद्यात धर्मस्वातंत्र्याचं संरक्षण असलेलं लांबलचक वाक्य होतं. मतपत्रिकेवर शेवटी आलं ते एवढंच: समलिंगी जोडप्यांना विवाहपरवाने देण्याची मुभा मेन राज्याला द्यावी असं तुम्हाला वाटतं का? धर्मगुरूंचा मुद्दा मतपत्रिकेवरून गेला, म्हणून तो दारावर आणि टीव्हीवर सांगावा लागला.

चौथा स्तंभ

टीव्हीची बाजू राहिली. धडा कॅलिफोर्नियाचा, 2008 ची प्रपोझिशन 8, म्हणजे विवाहबंदी राज्यघटनेत घालायचा मतपत्रिकेवरचा प्रस्ताव. तिथे 'हो' म्हणजे बंदी. बंदीवाल्यांच्या जाहिरातीत छोटी मुलगी शाळेतून येऊन आईला सांगते की आज राजपुत्राने राजपुत्राशी लग्न केल्याची गोष्ट शिकले. त्या जाहिरातीला थेट उत्तर द्यायला बंदीविरोधी मोहिमेला जवळजवळ दोन आठवडे लागले. तोवर लहान मुलांचे आईवडील बंदीकडे सरकले होते. 52-48 ने बंदी मंजूर झाली. राज्याचे ॲटर्नी जनरल जेरी ब्राउन यांनी प्रस्तावाच्या शीर्षकातच 'समलिंगी जोडप्यांचा विवाहाचा हक्क काढून घेते' असं लिहिलेलं असूनही.

मेनची 2009 ची आणि 2012 च्या चारही राज्यांतली विवाहविरोधी मोहीम प्रपोझिशन 8 वाल्या फ्रँक शूबर्ट यांनीच चालवली. म्हणजे शाळेची जाहिरात येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग 2012 ला उत्तरं आधीच तयार ठेवली. दारावरसुद्धा सांगून ठेवायचं की शेवटच्या आठवड्यांत मुलांच्या नावाने भीती घालतील. आधी कानावर पडलेली भीती कमी चावते. आणि पडद्यावर गे जोडपं एकटं न दाखवता भोवतीचं घर दाखवलं. मेनच्या एका जाहिरातीत दुसऱ्या महायुद्धात लढलेले आजोबा जेवणाच्या टेबलाशी बसून नातीबद्दल बोलतात. कुंपणावरच्या मतदाराला तो आजोबा आपल्यातला वाटतो.

उंबरठा

फारच उपयोगी. पण 2012 ला अध्यक्षपदाची निवडणूक होती, मतदारच वेगळे होते. सगळं श्रेय प्रचाराला द्यायचं का? आणि कॅलिफोर्नियात 'हो-नाही'च्या गोंधळामुळे हरलो असं म्हणतात, ते खरं का?

मोहोर-शिक्का

सगळं श्रेय नाहीच. मेनमध्ये 2009 ला या प्रश्नावर पावणेसहा लाखांच्या आत मतं पडली, 2012 ला सात लाखांच्या वर. तरुण मतदार वाढला. पण नॉर्थ कॅरोलिनात मे 2012 मध्ये बंदी 61 टक्क्यांनी मंजूर झाली, म्हणजे देशाची हवा आपोआप बदलली होती असंही नाही.

गोंधळाबद्दल मात्र उलटं आहे. प्रपोझिशन 8 चं सविस्तर विश्लेषण करणाऱ्या डेव्हिड फ्लायशर यांच्या मते चुकून उलटं मत देणाऱ्यांचा फायदा विवाहाच्या बाजूलाच जास्त झाला. कागदावरचं अंतर सहा लाखांचं, खरं दहा लाखांच्या आसपास.

कोऱ्या मताचंही बघून ठेवा. मिनेसोटात घटनादुरुस्तीला मतदानाला आलेल्या एकूण मतदारांचं बहुमत लागतं, प्रश्न कोरा सोडला तर तो 'नाही'तच मोजला जातो. 2012 ला बंदीच्या प्रश्नावर असे 40 हजारांवर कोरे होते. बंदीला 'हो' होतं 47.4 टक्के, कोरे वगळले तरी ती नामंजूरच झाली असती. वॉशिंग्टनमध्ये मतदान टपालाने, मतपत्रिका ऑक्टोबरच्या मध्याला घरी पोचतात, आणि पर्याय 'हो-नाही' नसून 'मंजूर' आणि 'नामंजूर'. तिथे शेवटच्या आठवड्यासाठी पैसे राखून ठेवणाऱ्याची जाहिरात मत टाकून मोकळं झालेला माणूस बघतो.