कोर्टात 'सांगून टाकावं' का?

खालचा_मजला:
शिवाजीनगर कोर्टात आठ वर्षं दिवाणी प्रॅक्टिस करतोय. मी गे आहे. घरी माहीत आहे, कोर्टात नाही. मागच्या आठवड्यात सरांनी (त्यांच्याच ऑफिसात ज्युनिअर आहे) चहा पिता पिता भाचीचं स्थळ सुचवलं. सध्या विचार नाही म्हटलं, तर म्हणाले, "पत्रिका तर बघ." ती पत्रिका बॅगेत आहे, दोन फायलींच्या मधे.
आयटीतल्या मित्राला निदान एचआर आहे. आम्हाला काय? सरांची मर्जी आणि बाररूममधला शब्द, यावर कामं येतात. तरी सांगून टाकावंसं वाटतंय.

जुना_वकालतनामा:
सांगू नका. राग मानू नका. माझे निम्मे अशील भोर-मुळशीकडचे, वाटपाचे दावे घेऊन येणारे. वकिलाच्या खाजगी आयुष्याशी त्यांना काय घेणंदेणं? मी तरी माझं कुठे सांगत बसतो?

तिरपी_रेघ:
अहो, ऑफिसातल्या सत्यनारायणाला जोडीनं बसत असाल ना? मग सांगितलंतच की, तेही प्रसाद वाटून.

जुना_वकालतनामा:
बसतो. मुद्दा मान्य. पण बाई, प्रश्न पोटाचा आहे. उघडपणे गे असलेले वकील सौरभ कृपाल बघा. वडील देशाचे सरन्यायाधीश होते, स्वतः सीनियर अ‍ॅडव्होकेट, समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 च्या खटल्यात याचिकाकर्त्यांच्या बाजूनं उभे राहिलेले. दिल्ली हायकोर्टाच्या कॉलेजियमनं (नेमणुकीसाठी नावं सुचवणारं ज्येष्ठ न्यायाधीशांचं मंडळ) 2017 मध्ये हायकोर्टाच्या न्यायाधीशपदासाठी नाव सुचवलं, सुप्रीम कोर्टाच्या कॉलेजियमनं 2021 मध्ये. तरी घोडं अडलं. त्यांची ही गत, तर जिल्हा कोर्टातल्या ज्युनिअरचं काय?

फेरतपासणी:
अर्धीच गोष्ट सांगताय. सरकारचे आक्षेप दोन होते: जोडीदार स्विस नागरिक आहे, आणि कृपाल समलिंगी हक्कांबद्दल उघड, हिरिरीनं बोलतात म्हणून पक्षपाताची शक्यता. जानेवारी 2023 मध्ये कॉलेजियमनं हे दोन्ही फेटाळून नाव पुन्हा पाठवलं आणि लिहिलं की त्यांनी हे उघड ठेवलं ही त्यांच्या जमेची बाजू आहे. म्हणजे गप्प बसले असते तर दुसरा आक्षेप उरलाच नसता. लपवणारा माणूस चालतो, ज्याला उद्या कुणीही धमकावू शकतं. उघड असलेला चालत नाही. अजब न्याय!

जुना_वकालतनामा:
त्याच ठरावात, प्रेसशी बोलले नसते तर बरं, असंही आहे. (पण ते त्यांच्याविरुद्ध धरू नये, असंही आहे, तुम्ही काढणारच, म्हणून मीच लिहितो.) शाबासकीनं नेमणूक झाली नाही एवढंच म्हणणं.

कलम_दर_कलम:
कायद्याचं बोलू. 377 च्या 2018 मधल्या निकालानं गुन्हा गेला, नोकरीचं संरक्षण आलं नाही. भेदभाव केला म्हणून खाजगी मालकाला जाब विचारायचा, तर 2019 चा कायदा ट्रान्सजेंडर व्यक्तींपुरता; गे माणसासाठी तसा कायदा नाही. आणि ज्युनिअर तर नोकरही नसतो. उद्या सरांनी फायली देणं थांबवलं, तर दावा कशाचा लावणार? मी सांगण्याच्या विरोधात नाही. आधी स्वतःचे दहा-पंधरा अशील जोडा, मग सांगा.

तिरपी_रेघ:
दहा झाले की वीस म्हणाल. घटस्फोट झाला तेव्हा मीही 'मिस्टर बाहेरगावी असतात' म्हणत चार वर्षं काढली. अशील एकही वाढला नाही. खोटं लक्षात ठेवायचं काम तेवढं वाढलं.

खालचा_मजला:
सगळ्यांचे आभार. उद्या पत्रिका परत देतोय. 'जुळत नाही' म्हणून द्यायची की खरं सांगून, एवढंच ठरायचंय.

जुना_वकालतनामा:
'जुळत नाही' तर मुळीच म्हणू नका. दुसरी आणतील.