मदत हवी आहे: एम२ बंदूक का रद्द झाली? (तातडीचे)

कावळा_इंजिनियर: दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय, उद्या संध्याकाळी द्यायचाय. बाकी सगळं झालंय, एम२पाशी गाडी अडलीये. चाचणीत चांगली चालली, ऑर्डर मिळाली, आणि पुढच्याच वर्षी रद्द. का? जिथे बघावं तिथे वेगळं कारण. जाणकारांनी जरा लवकर सांगा. गूगल करून झालंय, ते सुचवू नका.

तोफखाना: एम२ रद्द कधी झाली?? ब्राउनिंगची एम२ मशीनगन १९३३पासून आजतागायत वापरात आहे. अर्धा इंची गोळी. लेख आधी तपासून घ्या.

चिंचवडकर: की एम२ कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल? तीही रद्द वगैरे नाही, कोरियात भरपूर वापरली.

कावळा_इंजिनियर: अहो सबमशीन गन, पिस्तुलाच्या गोळ्या धडाधड झाडणारी! जॉर्ज हाइडने बनवलेली. थॉम्पसनच्या लेखात दुसरी कुठली येणार?

तोफखाना: लेख थॉम्पसनवर आहे हे आम्हाला स्वप्नात दिसणार होतं का?

शिळोप्याच्या_गप्पा: भांडू नका. अमेरिकन सैन्याची थॉम्पसन सबमशीन गन उत्तम, पण महाग. १९३९ला २०९ डॉलर, १९४२पर्यंत घासाघीस करून ७०च्या आसपास. म्हणून हाइडची एम२ एप्रिल १९४२मध्ये पर्यायी म्हणून मंजूर झाली. जुलैत मार्लिन कंपनीला १,६४,४५०ची ऑर्डर. पहिला माल निघाला मे १९४३मध्ये! तोवर पत्रा ठोकून-वेल्ड करून बनणारी एम३ डिसेंबर १९४२लाच मंजूर झालेली, किंमत २० डॉलरच्या घरात. मग एम२ कोण घेणार? जेमतेम ४०० बनल्या. गंमत म्हणजे एम३सुद्धा हाइडचीच.

चिंचवडकर: पण उशीर का झाला ते सांगा ना. खरी मेख तिथे आहे. धातूची भुकटी साच्यात दाबून भट्टीत भाजायची, म्हणजे सिंटरिंग, त्यावर मार्लिनची गाडी अडली. मी पावडर मेटलर्जीच्या शॉपमध्ये नोकरी केलीये. प्रेसमधून निघालेला ग्रीन पार्ट, म्हणजे अजून न भाजलेला तुकडा, हातात घेऊन बघा, नखाने कड निघते. भट्टीत गेला की आकसतो, कधी वाकडा होतो. छोटे बुश, गिअर मस्त निघतात. बंदुकीच्या बॉडीला हे १९४२मध्ये करायला जाणं म्हणजे धाडसच.

तोफखाना: सिंटरिंग जमलं असतं तरी वीस डॉलरपुढे टिकली नसती. कारण पैसा. बाकी सगळा तपशील.

चिंचवडकर: वेळेवर निघाली असती तर एम३ येईपर्यंत हजारो सैन्यात गेल्या असत्या. शॉप फ्लोअर न बघता बोलू नये.

कावळा_इंजिनियर: मग एका वाक्यात काय लिहू?

शिळोप्याच्या_गप्पा: "कारखान्यात वेळ गेला, तेवढ्यात तिच्याहून स्वस्त बंदूक मंजूर झाली." आणि मार्लिनच्या बंदुका चाचणीतल्या नमुन्यासारख्या चालत नव्हत्या, तेही घाला.

माजी_कॅडेट: एनसीसीच्या कॅम्पात आम्हाला स्टेन गन दाखवली होती. इंग्रजांनी १९४१मध्ये ती किती स्वस्तात काढली बघा! अमेरिकेने तीच घ्यायची होती.

तोफखाना: स्टेन आपटली की आपोआप सुटायची, ते सांगितलं नाही का कॅम्पात? आणि एम३ तरी कुठे धड होती, बोल्ट (गोळी झाडणारा आतला सरकता तुकडा) मागे ओढायचा दांडा मोडायचा. १९४४च्या एम३ए१मध्ये तो काढून बोल्टलाच बोट घालायला भोक पाडलं.

कावळा_इंजिनियर: एम३चा परिच्छेद झालाय हो. एम२ला थॉम्पसनचंच मॅगझिन बसायचं ना? एवढं सांगा, बाकी जमलं.

शिळोप्याच्या_गप्पा: हो, तेच. ड्रम नाही, सरळ पेटीवालं. २० किंवा ३० गोळ्यांचं.

माजी_कॅडेट: कुठला दिवाळी अंक? माझ्या कविता तयार आहेत, संपादकांचा पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा.