जुन्या मोटरहोमच्या छतावरून सोलरची वायर खाली कुठून आणावी?

छतावरचा_सूर्य

गाडी १९९० च्या दशकातली, ७ मीटर लांब. छताला वरून ॲल्युमिनियमचा पत्रा, मध्ये थर्माकोल आणि लाकडी पट्ट्या, आतून पातळ प्लाय. १०० वॅटचे २ पॅनल बसवायचे आहेत. प्रत्येकाचं ओपन सर्किट (काहीही न जोडता मोजलेलं) व्होल्टेज २२, पूर्ण पॉवरला १८ व्होल्ट आणि ५.५ अँपिअर. बॅटरी १२ व्होल्टची, पाण्याची लेड-ॲसिड, पुढच्या सीटखाली. कंट्रोलर (पॅनलकडून बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा) अजून घेतलेला नाही. वायर ४ स्क्वेअर एमएम.

खाली यायला ३ वाटा दिसतात:
१. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजचं छतावरचं व्हेंट, तिथून आतून पुढे. एकूण ६ मीटर.
२. सांडपाण्याच्या टाकीची हवेची नळी.
३. सीटच्या बरोबर वर नवीन भोक आणि केबल ग्लँड (वायरभोवती घट्ट बसून पाणी अडवणारा जोड). ३.५ मीटर.

लांबी कमी म्हणून तिसरी वाट बरी वाटते, पण जुन्या छताला भोक पाडायला मन धजत नाही. शिवाय पॅनल सिरीजमध्ये (एकामागे एक, म्हणजे व्होल्टेजची बेरीज) जोडावेत की पॅरलल (शेजारी-शेजारी, म्हणजे करंटची बेरीज)?

---

ओळंबा

पहिली वाट घ्या. ते भोक कंपनीनेच पाडलेलं आहे आणि त्यावर टोपी आहे, म्हणजे छताला नवीन जखम नाही.

टोपीचे स्क्रू काढताना घाई नको. इतकी वर्षं ऊन खाल्लेलं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं आणि स्क्रूच्या भोवती तडकतं. वायर टोपीच्या कडेखालून आत घ्या. कडा धारदार असेल तर तिथे रबरी ग्रोमेट (वायर घासू न देणारी कडी) बसवा. आत शिरण्याआधी बाहेर एक सैल वळसा खाली सोडा, म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून ओघळत आत न येता वळशाच्या तळाशी ठिबकेल.

खाली ओढायला दोरीला एक जड नट बांधा आणि ओळंब्यासारखा सोडा. नट खालच्या जाळीतून हाताला लागला की दोरीला वायर बांधून ओढा. गॅसच्या जोडाला आणि बर्नरला हात लावायचा नाही. फ्रिज सरकवावाच लागला तर ते काम गॅसच्या जाणकाराचं.

दोन गोष्टींत चूक परवडत नाही. एक, बर्नरचा धूर नेणारी धातूची नळी त्याच पोकळीतून वर जाते. वायर तिच्या समोरच्या कोपऱ्यात ठेवा आणि जागोजागी क्लिपने बांधा, म्हणजे गाडीच्या हादऱ्यांनी ती सरकत सरकत नळीला टेकणार नाही. दोन, फ्रिजमागची ती पोकळी राहत्या जागेपासून बंद असायलाच हवी. वायर आत घेण्यासाठी फळीला भोक पाडलंत तर ग्रोमेट बसवून ते सीलंटने पूर्ण भरा. उघडं राहिलं तर बर्नरचा कार्बन मोनॉक्साइड झोपायच्या जागेत येईल.

दुसरी वाट सोडाच. नळीच्या आतून वायर नेली की ती कायम दमट, गंजवणाऱ्या वायूत राहते, आणि बाहेर काढायला नळीला भोक पाडलं की टाकीचा वास घरात. नळीच्या बाजूला भिंतीत मोकळी पोकळी असेल तर तिथून वायर नेता येते.

---

तांब्याची_तार

वाट कोणती हे ठरवण्याआधी सिरीज-पॅरललचा निकाल लावा. लांबीची काळजी त्यावरच अवलंबून आहे.

४ स्क्वेअर एमएम सोलर केबलचा रोध मीटरमागे साधारण ०.००५ ओहम. ६ मीटर म्हणजे जाऊन-येऊन १२ मीटर, रोध ०.०६ ओहम.

पॅरलल: ११ अँपिअरला ०.६७ व्होल्ट गळती, १८ व्होल्टच्या ३.७ टक्के.
सिरीज: ५.५ अँपिअरला ०.३४ व्होल्ट गळती, ३६ व्होल्टच्या १ टक्क्याहून कमी.

पण टक्क्यांपेक्षा उन्हाळ्याचा हिशोब महत्त्वाचा. डब्यावर लिहिलेले १८ व्होल्ट पॅनल २५ अंशांवर असतानाचे. कडक उन्हात पॅनल ६५ अंशांपर्यंत सहज तापतो, आणि दर अंशाला साधारण ०.४ टक्के व्होल्टेज उतरतं. म्हणजे १८ चे १५.१ झाले. त्यातून ०.६७ गेले, उरले १४.४. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरायला तेवढेच लागतात, आणि कंट्रोलरला स्वतःसाठी काहीच उरत नाही. नेमक्या भर उन्हात बॅटरी अर्धवट भरते आणि दोष बॅटरीला दिला जातो. सिरीजमध्ये हेच व्होल्टेज ३० च्या आसपास राहतं, मग चिंता नाही.

सिरीजसाठी एमपीपीटी कंट्रोलर हवाच, म्हणजे पॅनलचं जादा व्होल्टेज उतरवून त्याचा करंट करणारा. पीडब्ल्यूएमवर, म्हणजे पॅनलला थेट बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढणाऱ्या साध्या कंट्रोलरवर, सिरीज जोडलंत तर निम्मी वीज वाया जाते. थंडीत व्होल्टेज वाढतं: दोन पॅनलचं मिळून ओपन सर्किट ४४, उणे १० अंशांना त्याचे जवळपास ४९ होतात. ७५ व्होल्ट झेलणारा कंट्रोलर पुरतो, ५० व्होल्टवाला नको.

आता तिसऱ्या वाटेकडे पाहा. सिरीजमध्ये ३.५ आणि ६ मीटरमधला फरक २०० वॅटवर १ वॅटही नाही. तेवढ्यासाठी छताला भोक पाडू नये. एखाद्या पॅनलवर अँटेना किंवा व्हेंटची सावली दिवसभर पडत असेल, तरच पॅरललचा विचार करावा आणि वायर १० स्क्वेअर एमएम घ्यावी.

---

सांधेजोड

वरच्या दोघांशी सहमत. छत थर्माकोलचं आहे म्हणून एक भर घालतो. साधी पीव्हीसी आवरणाची वायर थर्माकोलला चिकटून टाकू नका. पीव्हीसीला मऊ ठेवणारं तेल थर्माकोल शोषून घेतो. थर्माकोल विरघळल्यासारखा खचतो आणि वायरचं आवरण कडक होऊन तडकतं. जुन्या गाड्यांत कंपनीची वायर भिंतीतून ओढून काढली की हे दिसतं. खऱ्या सोलर केबलचं आवरण क्रॉसलिंक्ड (रेणू एकमेकांना जोडलेलं, तेल नसलेलं) असतं, त्याला हा त्रास नाही. नाहीतर वायर कंड्युटमधून (संरक्षक नळीतून) न्या.

फ्रिजपासून पुढे वरच्या कपाटांच्या मागून किंवा बाकांच्या आतून जा. दर ३० सेंटिमीटरला क्लिप, प्रत्येक फळीच्या भोकात ग्रोमेट. गाडीच्या खालून नेणं टाळा. तिथे चिखल, दगड आणि सायलेन्सरची उष्णता असते.

छतावरचे एमसी४ कनेक्टर (सोलर वायरीचे खुपसायचे जोड) नर-मादी एकाच कंपनीचे घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत बसतात, पण आतला स्पर्श कमजोर राहतो आणि जोड तापून वितळतो. वायरीवर टोक दाबून बसवायची (क्रिंपिंगची) पक्कड त्याच कनेक्टरची वापरा. जोड पत्र्यावर पडू न देता पॅनलच्या फ्रेमला बांधा, कारण पत्र्यावर पाणी साचतं.

सिलिकॉन छतावर कुठेच लावू नका. ते पुढे सुटलं की त्या जागी दुसरं काही नीट चिकटत नाही. पॅनलच्या ब्रॅकेटसाठी पॉलियुरेथेनचं चिकट सीलंट घ्या. आधी आतून ओलावामापक फिरवा. लाकडात २० टक्क्यांच्या वर आकडा दिसला तर छत कुजतंय, आधी ते काम करा.

---

छतावरचा_सूर्य

मग सिरीज आणि फ्रिजची वाट नक्की. कंट्रोलर सीटखाली बॅटरीशेजारीच ठेवू का? आणि फ्यूज कुठे?

---

तांब्याची_तार

बॅटरीजवळ, पण तिच्याच बंद खोक्यात नाही. पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. मधल्या फळीच्या पलीकडे, कंट्रोलरच्या पाठीवरच्या उष्णता सोडणाऱ्या पट्ट्या उभ्या राहतील असा बसवा.

२० अँपिअरचा कंट्रोलर धरला तर बॅटरीपर्यंत ६ स्क्वेअर एमएम वायर आणि २५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून २० सेंटिमीटरच्या आत हवा, कारण शॉर्टमध्ये आग लावणारा करंट बॅटरीकडून येतो. पॅनलच्या बाजूला एकच सिरीज साखळी असल्यामुळे फ्यूजची गरज नाही. डीसीसाठी बनवलेला आयसोलेटर (पॅनलची वायर तोडणारा स्विच) मात्र ठेवा. घरगुती एसी स्विच डीसीची ठिणगी तोडू शकत नाही.

पॅनलची निगेटिव्ह चॅसिसला जोडू नका, दोन्ही वायरी थेट कंट्रोलरपर्यंत आणा. बॅटरी मॉनिटरचा शंट (निगेटिव्ह वायरीवरचा करंट मोजणारा भाग) असेल तर कंट्रोलरची निगेटिव्ह शंटच्या लोडच्या बाजूला, नाहीतर सोलरची वीज मोजलीच जाणार नाही.

जोडताना पॅनल कापडाने पूर्ण झाका. आधी बॅटरी जोडा, कंट्रोलरने १२ व्होल्ट ओळखले की मग पॅनल. काढताना उलट. आणि एमसी४ खुपसण्याआधी मल्टिमीटरने पोलॅरिटी तपासा: कापड काढल्यावर ४४ च्या आसपास आकडा आला पाहिजे. २२ दिसला तर एका पॅनलची जोडणी चुकली आहे, शून्याजवळ दिसला तर दोन्ही पॅनल एकमेकांविरुद्ध लागले आहेत.