अनुभव लिहा : ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया असलेली मुलं आणि गोव्यातली आपली घरं

ऑटिझममध्ये बोलणं-मिसळणं वेगळं असतं, एडीएचडीत लक्ष टिकत नाही, डिस्लेक्सियात वाचणं-लिहिणं जड जातं. एवढी माहिती आता सहज मिळते. मिळत नाही ते रोजचं : चवथीला, म्हणजे गणपतीत, घर माणसांनी भरतं तेव्हा मुलाला कुठे बसवता, शाळेशी काय बोललात, घरातल्या मोठ्यांना कसं सांगितलंत. तेच इथे लिहा. आईवडिलांनीच लिहावं असं नाही. आजी, भावंडं, शिक्षक आणि स्वतः असे वाढलेले, सगळ्यांचं हवंय. मुलांची आणि शाळांची नावं मात्र नकोत.

साखळी, आई

मुलगा आठ वर्षांचा, ऑटिझम आहे. अडीच वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. "मुलगे उशिराच बोलतात" हे सगळ्या नातेवाइकांकडून ऐकून झालं होतं. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं तेव्हा आधी कान तपासले. ही पायरी कुणी गाळू नका. कान ठीक निघाले, मग पुढच्या तपासण्या झाल्या.

एका ठिकाणी सल्ला मिळाला की घरात एकच भाषा ठेवा, तीही इंग्रजी. सासूबाईंनी नातवाशी बोलायचंच नाही का मग? आम्ही कोंकणी सोडली नाही. दोन भाषा कानावर पडल्याने अशा मुलांचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, हे पुढे दुसऱ्या स्पीच थेरपिस्टने नीट समजावलं. त्याचा पहिला स्पष्ट शब्द होता 'पेज'. सकाळी दहाच्या सुमारास आजीपुढे वाडगा धरून म्हणाला. पेज उकड्या तांदळाचीच लागते, आणि चेपणीचं तोर, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेली कैरी, वेगळ्या बशीत. त्याचं पाणी पेजेला लागलं की वाडगा बाजूला. आजी ते न बोलता पाळते. "लाड करता" म्हणणाऱ्यांना ती सांगते, "त्याच्या जिभेला ते बोचतं."

सगळ्यांत कठीण दिवाळीतली नरकासुराची रात्र. पहाटेपर्यंत डीजे. मी वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, पोरांना आधी जाऊन भेटले, आवाज त्याला अंगावर आल्यासारखा लागतो हे सांगितलं. त्यांनी स्पीकरची तोंडं रस्त्याकडे फिरवली. शिवाय नरकासुराच्या पुतळ्याला कागद चिकटवायला त्याला दुपारी बोलावलं, गाणी बंद असताना. खळ लावायचं काम त्याने मन लावून केलं. चवथीच्या आरतीचंही असंच. घुमट म्हणजे आरतीला वाजवतात ते मातीचं वाद्य. त्यावरचा हात समोर दिसत असला तर तो ऐकत बसतो. पाठमोरा असताना अचानक सुरू झालं की कान झाकून ओरडतो. म्हणून त्याची जागा घुमट वाजवणाऱ्या काकांच्या समोर, आणि कानाला लावायचे हेडफोन खिशात.

फोंडा, बाबा

मुलगी नववीत. एडीएचडी आणि डिस्लेक्सिया. ती वर्गात दंगा करत नाही, खिडकीबाहेर बघत बसते, त्यामुळे बरीच वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. मुलींच्या बाबतीत हे फार होतं.

कागदांचं सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो. एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. आमचं प्रमाणपत्र झालं ते डिस्लेक्सियावर. दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती शाळेमार्फत मागाव्या लागतात, तेव्हा नववीतच तयारीला लागा. अभ्यास ती बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, फेऱ्या मारत करते, मी वाचतो, ती ऐकते. शेजाऱ्यांनाही आता इतिहास पाठ झालाय!

म्हापसा, आई

ऑटिझमच्या लहान मुलांसाठी आईवडिलांनाच तयार करण्याच्या एका पद्धतीची चाचणी गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत झाली होती. निष्कर्ष २०१६ साली आले. तज्ज्ञ नसलेले, पण शिकवून तयार केलेले कार्यकर्ते मूल आणि पालक खेळतानाचा व्हिडिओ पालकांसोबत बघत. थेरपिस्टने आम्हालाही हेच करायला लावलं. हाक मारल्यावर लेक वळायला किती वेळ घेते, ते व्हिडिओत स्वच्छ दिसतं. मी थांबते, मग ती वळते. रोजचा खेळ दहा मिनिटांचाच, चमचे आणि करवंट्या घेऊन.

वाळपई, प्राथमिक शिक्षिका

एवढंच सांगते. घंटा व्हायच्या आधी मी त्या मुलाच्या बाकावर बोट टेकवते. त्याला कळतं, आता वाजणार. पालकांनी पहिल्याच आठवड्यात येऊन "याला काय सोसत नाही" ते सांगितलं, म्हणून हे सुचलं. पालकांनो, या आणि सांगा. वर्ग भरलेला असतो, आमच्या आपणहून लक्षात यायला वेळ लागतो.

मडगाव, बहीण

माझा भाऊ २४ वर्षांचा. ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता दोन्ही. मुलं लहान असलेल्यांनी हे आत्ताच वाचून ठेवा : १८ पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडे अर्ज करावा लागतो. त्याच न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीचा खर्चही धरतात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आधी करून घ्या, पुढे प्रत्येक टेबलावर तेच मागतात.

माझ्या लग्नाचा विषय निघाला की लोक विचारतात, "मग त्याचं कोण बघणार?" त्याच्यासमोर विचारतात. त्याला सगळं कळतं, त्या दिवशी तो जेवत नाही. आता आई तिथल्या तिथे सांगते, "विचारायचं असेल तर त्यालाच विचारा, त्याला काय हवं ते."

त्याला हवंय एकट्याने कदंबाने, म्हणजे सरकारी बसने, फोंड्याला मावशीकडे जायचं. पाटी वाचता येते, सुटे पैसे देता येतात. गाडी रद्द झाली किंवा कंडक्टर मोठ्याने बोलला की तो जागच्या जागी थिजतो. मोठ्या वयात कुणी आपल्या माणसाला बसचा प्रवास शिकवला असेल, तर सुरुवात कुठून केलीत, ते जरूर लिहा.