मदत हवी आहे: खाजगी अलॉटमेंट कुठे मिळते? की स्वतःच सुरू करावी? (जरा तातडीचं)

वांगीभरीत:
नमस्कार मंडळी. अलॉटमेंटसाठी (भाजी लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा) काउन्सिलच्या वेटिंग लिस्टवर नाव टाकलंय, पण ती यादी काही हलायचं नाव घेत नाही. खाजगीत कोणी प्लॉट देतं का? शोधायचं कुठे? नाहीतर आम्ही चार-पाच घरं मिळून स्वतःच सुरू करू म्हणतो. जवळच एक तुकडा नुसता पडून आहे, शेतकरी "हरकत नाही" म्हणालाय. परवानगी वगैरे लागते का? बियाणं घरात येऊन पडलंय, तेव्हा लवकर सांगा. "गूगल करा" म्हणणाऱ्यांनी दुसरा धागा बघावा.

बांधावरून:
आधी सातबारा काढा. इतर हक्कांत कोणाचं नाव आहे ते बघा. भाडेपट्टा म्हटलं की मालकाला कूळ लागायची भीती असते, त्यामुळे तोंडी हो म्हणणारे सही करताना मागे सरतात.

गारवारा:
अहो, काउन्सिल म्हणतायत त्या, वेटिंग लिस्ट म्हणतायत. सातबारा कुठून काढणार? वांगीभरीत, देश कुठला ते सांगा.

वांगीभरीत:
इंग्लंड. अलॉटमेंट अजून कुठे असते?

ऱ्हाईनकाठ:
जर्मनीत असते की! क्लाइनगार्टन म्हणतात. १९८३ चा स्वतंत्र कायदा आहे, बाग साधारण ४०० चौरस मीटरपर्यंत, आत २४ चौरस मीटरपर्यंत साधी झोपडी बांधता येते. पण ठराविक भागात भाजी-फळं लावावीच लागतात, नाहीतर क्लबवाले पत्र पाठवतात. कुंपण किती उंच हवं यावरही भांडणं होतात. शिस्त म्हणजे शिस्त.

गारवारा:
छान आहे, पण त्यासाठी त्यांनी जर्मनीला घर हलवायचं का?
वांगीभरीत, तुकडा केवढा? पाण्याचा नळ आहे? रस्ता? आणि तुमच्या भागात पॅरिश काउन्सिल (गावपातळीवरचं, आपल्या ग्रामपंचायतीसारखं) आहे का? असेल तर अलॉटमेंट तिच्याकडे असतात, जिल्ह्याकडे नाही. बरेच लोक चुकीच्या यादीत नाव टाकून बसतात. शेजारच्या पॅरिशच्या क्लार्कलाही मेल टाका, काही ठिकाणी बाहेरच्यांना घेतात. चर्चच्या जमिनी असतात, त्यासाठी डायोसिसला (चर्चच्या विभागीय कार्यालयाला) विचारायचं. मोठ्या इस्टेटींचे एजंटही प्लॉट देतात.
आणि चार-पाच नको, सहा व्हा. १९०८ च्या अलॉटमेंट कायद्यात कलम २३ आहे: सहा मतदारांनी किंवा काउन्सिल टॅक्स भरणाऱ्यांनी लेखी मागणी केली की काउन्सिलला ती विचारात घ्यावीच लागते.

कागदीवाघ:
इनर लंडनला कलम २३ लागू नाही, ते सांगायचं राहिलं. शिवाय "विचारात घेणं" म्हणजे उद्या प्लॉट मिळणं नव्हे.

वांगीभरीत:
लंडन नाही. तुकडा एकरभर असेल. नळ दिसला नाही. घोडे चरायचे तिथे. पण मूळ प्रश्न परवानगीचा होता!!

कागदीवाघ:
नुसता भाजीपाला लावणं ही शेतीच धरतात, त्याला साधारणपणे प्लॅनिंग परमिशन लागत नाही. शेड, पार्किंग, नवीन फाटक करायचं तर काउन्सिलला आधी विचारा. हिरवळ, झोपाळा, बार्बेक्यू सुरू झालं की ती शेती राहत नाही, तिथे लोक अडकतात.
बाकी खाजगी जागेत संरक्षण शून्य. मालकाच्या मनात आलं की बाहेर.

गारवारा:
शून्य कसं? १९२२ च्या कायद्याची वर्षभराची नोटीस (१९५० ला वाढवली) खाजगी मालकालाही लागू आहे. तीही ६ एप्रिलला किंवा त्याआधी, नाहीतर २९ सप्टेंबरला किंवा त्यानंतर संपणारी. उभ्या पिकातून उठवता येऊ नये म्हणून.

कागदीवाघ:
टेनन्सी, म्हणजे रीतसर भाडेपट्टा, असेल तर! खाजगीवाले हल्ली सर्रास "लायसन्स" (नुसता वापराचा परवाना) लिहून देतात, मग बसा नोटीस शोधत. १९२५ च्या कायद्यात काउन्सिलच्या जमिनीला विक्रीपासून जे संरक्षण आहे तेही इथे नाही.

गारवारा:
म्हणूनच म्हणतो, आधी मंडळ स्थापन करा, मंडळाच्या नावाने भाडेपट्टा घ्या आणि आत वाटून द्या. पब्लिक लायबिलिटी विमा काढा. पूर्ण प्लॉट म्हणजे दहा रॉड, आपले अडीच गुंठे. एकरात कागदावर सोळा बसतात, वाटा सोडल्या की कमी. नवख्याला अडीच गुंठे देऊ नका, जुलैत तण कमरेपर्यंत येतं आणि माणूस गायब. पाव प्लॉट पुरे.

मेथीवेडी:
इंग्लंडात मेथी होते का हो? माझी एवढीशी येऊन फुलावर जाते.

जुनंखोड:
ताई, मेथीचं नंतर. वांगीभरीत, घोडे चरायचे म्हणालात तिथे थांबा. कुरणात रुंद पानांचं तण मारायला अमिनोपायरालिड असलेलं औषध फवारतात. गवताला काही होत नाही, पण घोड्याच्या लिदीतून ते खतात उतरतं आणि टोमॅटो, बटाटे, शेंगा सगळ्यांची वाट लावतं. आमच्या साइटवर ट्रॉलीभर खत फुकट आलं, सगळे खूश. महिन्याभरात टोमॅटोचे शेंडे पिळवटून नेच्यासारखे झाले, पानं वाटीसारखी आत वळलेली.
त्या जागेची माती तीन-चार कुंड्यांत भरा, दुसऱ्या तीन-चारांत विकतचं कंपोस्ट. दोन्हींत ब्रॉड बीन लावा आणि चारेक आठवडे बघा. पहिल्यांची पानं वळली तर यंदा तिथे शेंगा-टोमॅटो नको.

वांगीभरीत:
चार आठवडे??

जुनंखोड:
हो.

बांधावरून:
शेतकरी मालकच आहे ना? की कसणारा?

वांगीभरीत:
आत्ताच विचारून आले. तो स्वतः भाड्यानेच कसतो. मालक कुठलीशी इस्टेट आहे. पण तो म्हणतो त्यांना काय कळणार आहे.

कागदीवाघ:
हात जोडतो. शेतीच्या करारात पोटभाड्याला बहुधा मनाई असते. तुमच्यासकट तोही जाईल. लँड रजिस्ट्रीवर किरकोळ फीत मालकाचं नाव मिळतं, थेट इस्टेटीच्या एजंटला लिहा. शेतकऱ्याला आधी सांगून, त्याच्या डोक्यावरून नाही.

बांधावरून:
मी पहिल्याच प्रतिसादात हेच म्हटलं होतं.

वांगीभरीत:
बरं. एजंटला मेल टाकलाय, पाण्याचंही विचारलंय. कुंड्या आज भरते. शेजारच्या गल्लीतली आजी सहावी म्हणून तयार झाली, तेव्हा काउन्सिलचं पत्रही जाईल. मसुदा कोणाकडे असेल तर चिकटवा.

मेथीवेडी:
मेथीचं कोणी सांगेल का?

जुनंखोड:
थेट जमिनीत, मे उजाडल्यावर, दाट पेरा. रोप करून लावू नका. पाणी तोडलं की फुलावर जाते.